आईची खरवड

मित्रांनो, तवा तापलाय म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, त्यात सांगण्यासारखं काय? तव्याचं कामच ते. पण मी या क्षणी शेगडीवर नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी एका खिळ्याला टांगलेलो आहे, खाली जाळ नाही, आणि तरी तापलेलो आहे. मी एक जुना बिडाचा तवा आहे आणि मला राग आलेला आहे.

बीड म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड. ते लवकर तापत नाही. पातळ पत्र्याची भांडी आच लागताच चुरचुरायला लागतात, तेव्हा आम्ही अजून थंडच असतो. पण एकदा तापलो, की शेगडी बंद केली तरी आम्ही लवकर निवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकायला नको.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तिथे काळ्या, ओलसर वाळूत आमच्या आकाराचे साचे करत आणि त्यांत लाल रस ओतत. माझ्या वेळी साचा नीट बसला नसावा, किंवा ओताऱ्याचं लक्ष दुसरीकडे असावं. दांडा सरळ आला, काठ गोल आला, पण मधोमध एक उथळ खळगा राहिला. ओताऱ्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि तो म्हणाला, “हा बाजूला.” माझ्याविषयी या जगात बोललेलं ते पहिलं वाक्य.

बाजूला काढलेल्या भांड्यांच्या ढिगात मी भांडीवाल्याच्या दुकानात आलो, दाराच्या आतल्या अंगाला, झाडूंच्या शेजारी. तिथे मला आई भेटली. तिला मी आईच म्हणतो, कारण त्या घरात तिचं दुसरं नाव मी फारसं ऐकलं नाही. ती एका रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी उकळायच्या, पिळायच्या, इस्त्री करायच्या. तिची बोटं सदा पाण्यात राहून पांढरी आणि सुरकुतलेली असत. त्या बोटांनी तिनं माझा खळगा चाचपला. दुकानदार प्रामाणिक होता. तो म्हणाला, बाई, हा मध्ये खोल आहे, याच्यावर काही सपाट व्हायचं नाही. आई म्हणाली, “बरंच की. तेल मध्येच राहील. काठाला पळून वाया जाणार नाही.”

माझ्या खोडीतला गुण पाहणारी ती पहिली. आणि खरं सांगायचं तर शेवटची.

घरी आणल्यावर तिनं मला लगेच कामाला लावलं नाही. आधी धुतलं, आचेवर कोरडं केलं, फडक्यानं तेलाचा अगदी पातळ हात फिरवला, तोही पुसून काढला, आणि धूर निघेपर्यंत तापवलं. मग निवू दिलं. मग पुन्हा तेल, पुन्हा पुसणं, पुन्हा धूर. घरभर धूर झाला तेव्हा बाबा खोकत आले. बाबा बसगाड्यांच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांनी विचारलं, घर पेटवतेस का?

“वळण लावतेय,” आई म्हणाली.

“तव्याला?”

“मग काय तुम्हाला? तुमचं वय गेलं.”

बाबा हसत हसत खिडकी उघडायला गेले. ओट्यावर त्यांची धाकटी मुलगी पाय हलवत बसली होती. ती एका जागी कधी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आज ती एका छापखान्यात मुद्रितं तपासते, दिवसभर एका खुर्चीवर बसते, तरी नाव भिंगरीच आहे. तेव्हा तिनं विचारलं, वळण म्हणजे काय? आई फडक्याची घडी बदलत म्हणाली, “पुन्हा पुन्हा तेच केलं, की मग सांगावं लागत नाही. ते वळण.”

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. ते माझ्याविषयी होतं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

हळूहळू मी काळा झालो. मळानं नाही. तेलाचे थर एकावर एक भाजत गेले आणि माझ्या अंगावर एक गुळगुळीत, तुकतुकीत काळी कातडी आली. तिच्यामुळे मला गंज चढत नसे आणि पदार्थ धरून बसत नसे. आई मला साबण लावत नसे. गरम पाणी, फडकं, आच आणि शेवटी तेलाचं बोट. रोज. ती कितीही दमून आली तरी यात चुकली नाही.

त्या घरात शेगडीला दोन तोंडं होती, पण एक कायम रुसलेलं. त्यामुळे संध्याकाळचं जेवण बहुतेक वेळा माझ्यातच, एका दमात होई. बटाटे सालासकट धुऊन त्यांच्या पातळ चकत्या. खळग्यातलं तेल थरथरायला लागलं, की त्या चकत्या एकमेकींवर थोड्या थोड्या चढवून लावायच्या. वर भरपूर कांदा. कांद्यावर घरात जे असेल ते: कोबीचा उरलेला तुकडा, कालचा भात, शिळ्या पावाचा चुरा, मऊ पडलेला टोमॅटो. मीठ, मिरपूड. वर झाकण. झाकण माझं नव्हतं, कुठल्याशा पातेल्याचं होतं. ते नीट बसत नसे म्हणून आई त्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवी. आच मंद. मग ती कपडे वाळत घालून येई. शेवटी कालथ्यानं मधोमध जागा करून त्यात दोन अंडी फोडायची आणि पुन्हा झाकायचं. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा भिंगरीचा मोठा भाऊ, दादा, म्हणाला होता, हा काय पसारा? तेव्हापासून त्या पदार्थाचं नावच पसारा पडलं. आज काय? पसारा. मुलं ताटल्या घेऊन धावत.

पसाऱ्याचे तीन भाग असत. सगळ्यात चांगला मधला. खळग्यात तेल, कांद्याचा रस आणि अंड्याचं पिवळं एकत्र जमे, त्यामुळे मधला बटाटा लोण्यासारखा मऊ होई. मग कडेचा, तोही बरा. आणि तळाला नि काठाला चिकटून राहिलेली, कडक, तपकिरी, जागोजाग काळपट खरवड.

मधल्याचा अर्धा भाग बाबांना, कारण ते दिवसभर गाडीखाली आडवे पडून काम करत. उरलेला अर्धा दादाला, कारण त्याचं वाढतं अंग. कड भिंगरीला. पाहुणा असला तर त्याला कुठलंही, पोटभर. आई ओट्याशी उभी राहून वाढत असे. सगळ्यांचं झालं की ती कालथ्याच्या टोकानं मला खरवडून काढी आणि जे निघे ते तिथेच उभ्यानं खाई.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. मला वळण लागल्यावर माझ्यात काही चिकटायचं कारण उरलं नव्हतं. मी मुद्दाम थोडं धरून ठेवत असे. चार जणांच्या घरात तिघांचीच वाढणी होताना मी रोज पाहत होतो. मी तव्यानं करावं ते केलं. काहीतरी घट्ट धरून ठेवलं, कालथ्यानं लगेच निघणार नाही असं. नाहीतर तिच्या वाट्याला काहीच आलं नसतं.

एकदा भिंगरीनं खाता खाता मान वर करून विचारलं, आई, तू काय खातेस? आईच्या तोंडात घास होता. तिनं तो गिळला आणि म्हणाली, “मला खरवडच आवडते.”

झालं. एवढं एक वाक्य. कोणत्याही आईनं दमलेल्या संध्याकाळी बोलावं असं, पोरीला घास गोड लागावा म्हणून बोललेलं. पण त्या घरानं ते असं उचललं की जणू वर्षानुवर्षं त्याचीच वाट पाहत होतं. बाबा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, आमच्या हिला खरवड लागते, बाकी काही नको. एकदा दादानं खरवडीकडे हात नेला तर बाबांनी त्याला अडवलं: ती आईची. किती जपत होते तिला! तिचं मधलं खाऊन तिची खरवड जपत होते.

घरालाही वळण लागतं, मित्रांनो. पुन्हा पुन्हा तेच केलं, की मग सांगावं लागत नाही. कोण बसणार, कोण उभं राहणार, कुणाच्या ताटलीत काय जाणार, हे त्या घरात कुणी ठरवलं नव्हतं. त्या घरात वाईट कुणी नव्हतं. म्हणून तर माझा राग कुठे नेऊन ठेवावा हे मला कळत नाही.

एके दुपारी धुलाईघराचा बॉयलर बिघडला आणि आई लवकर घरी आली. घरात कुणी नव्हतं. तिनं खिडकी उघडली, हात धुतले आणि मला शेगडीवर ठेवलं. एक बटाटा, अर्धा कांदा, पावाचा एक तुकडा, आणि मधोमध एक अंडं. घाई नव्हती. तिनं झाकण काढून वास घेतला. मग ताटलीत मधलं काढलं, सगळंच्या सगळं, आणि खुर्ची ओढून बसली. मी तिला खाताना बसलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिनं अंड्याचं पिवळं पावाच्या तुकड्यानं पुसून पुसून खाल्लं. तळाशी मी सवयीनं धरून ठेवलेली खरवड होती. तिच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. गरम पाणी ओतून ती भिजवली आणि खिडकीबाहेर पाखरांसाठी टाकली.

तेवढ्यात दार वाजलं. बाबा आले होते. आई ताटली हातात घेऊन चटकन उभी राहिली. बाबांनी विचारलं, आज लवकर जेवलीस?

“नाही हो,” आई म्हणाली. “चव बघत होते.”

आपल्या घरात, आपल्या पैशांच्या बटाट्यांचं, आपणच रांधलेलं खाताना पकडली गेल्यासारखी ती उभी राहिली. त्या दिवशी मी तापलो तो आजतागायत.

पुढची वर्षं भराभर गेली. दादाचं लग्न झालं, तो वेगळ्या घरात राहायला गेला. वहिनीनं सासूबाईंचे हात दुखतात म्हणून एक हलका नॉनस्टिक तवा आणून दिला. हेतू चांगलाच. मला ओट्याखाली, नळाच्या पाइपाशेजारी ठेवलं. तिथे अंधार असतो, ओल असते आणि झुरळं फार आपुलकीनं वागतात. वर्षभरात त्या नव्या तव्याचं काळं पापुद्रे होऊन पसाऱ्यात उतरायला लागलं आणि मला परत वर बोलावलं गेलं. माझं कौतुक झालं. जुनं ते दणकट, वगैरे. कौतुक करणारे सगळे बसलेले होते. आई उभी होती.

तोवर तिच्या दाढा गेल्या होत्या. खरवड तिला चावत नसे. मग आई ती चहात भिजवून खायची. बाबा हे पाहत आणि म्हणत, बघा, दात गेले पण आवड गेली नाही.

मग आई आजारी पडली. रुग्णालयात तिला त्याच चादरींवर ठेवलं असेल, ज्या ती धूत होती. ते मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते एवढंच: भिंगरी रजा काढून घरी राहायला आली आणि एका सकाळी तिनं पसारा केला. मग माझी सगळी खरवड निगुतीनं काढून एका डब्यात भरली आणि घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पसारा केला. पण या वेळी तिनं फक्त मधलं उचललं, अंड्यासकट. कड तशीच ठेवली, खरवड तशीच ठेवली. तिचे डोळे सुजलेले होते. संध्याकाळी डबा परत आला तो इतका स्वच्छ, की धुवायची गरज नव्हती. काय घडलं ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर आई घरी आली नाही. मला कुणी पुसलं नाही, तेलाचं बोट लावलं नाही. शेगडीवर बाबांचा चहा व्हायचा आणि बाहेरून डबा यायचा.

काही आठवड्यांनी त्याच स्वयंपाकघरात दादा, वहिनी आणि बाबा बसले आणि भिंगरीला बोलावून घेतलं. दादानं फार मायेनं समजावलं. बाबांना बाहेरचा डबा सोसत नाही. ते एकटे पडलेत. आमच्या घरात जागा नाही आणि वहिनीची नोकरी लांब आहे. तुझं काय, तू एकटीच, एका खोलीत राहतेस. इथून छापखान्याला जायला दोन बस बदलाव्या लागतील, पण सवय होईल. आणि तुला आईच्या हाताचं वळण आहे.

वळण. तो शब्द ऐकून भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. ती नाही म्हणाली तर बापाला टाकलं असं होणार होतं. हो म्हणाली तर ओट्यासमोरची एक रिकामी जागा भरली जाणार होती, आणि त्या जागेवर उभं राहून काय खायचं असतं हे तिला आता माहीत होतं. शेवटी ठरलं की येत्या रविवारी सगळ्यांनी जमायचं, आईच्या आठवणीत पसारा करायचा आणि त्याच दिवशी काय ते नक्की करायचं.

शनिवारी आत्या आली, बाबांची बहीण. मदतीला म्हणून एक दिवस आधी. तिनं पदर खोचून अख्खं स्वयंपाकघर धुवायला काढलं आणि शेवटी मला हातात घेतलं. माझ्या बिचाऱ्या भावजयीच्या आजारपणात तवा किती काळा झाला, म्हणत तिनं साबणाची पूड टाकली, तारेची घासणी घेतली आणि मला घासायला बसली. घासताना ती रडत होती. आईविषयी काही ना काही बोलत होती, सगळं चांगलं. माझी कातडी राखाडी पाण्यात मोरीतून वाहून गेली. इतक्या वर्षांचे थर, इतक्या संध्याकाळी. संध्याकाळ होईतो मी नव्या पत्र्यासारखा पांढुरका झालो. तिनं मला ओलाच उपडा घातला. रात्रीतून माझ्या अंगावर तांबूस डाग आले.

तिच्यावर रागवावं तरी कसं? तिनं माया केली. त्या घरात मायेनंच सगळं होत आलं होतं.

रविवारी भिंगरी आली. पिशवीतून बटाटे काढता काढता तिची नजर माझ्यावर गेली आणि तिचे हात थांबले.

“घासून लख्ख केलाय बघ,” आत्या म्हणाली.

“हो,” भिंगरी म्हणाली. “दिसतंय.”

एवढंच. तिनं माझ्यावरून बोट फिरवलं. बोटाला गंज लागला. तिनं बोट पुसलं आणि जरा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला कळलं होतं की आता माझ्यात काय होणार. ती म्हणाली, दुसऱ्या भांड्यात करते. दादा दारातूनच म्हणाला, छे, आईच्याच तव्यात कर, त्यातच तर मजा आहे.

“बरं,” भिंगरी म्हणाली.

तिनं सगळं आईसारखंच केलं. चकत्या पातळ, कांदा भरपूर, झाकणावर तांब्या. पण माझं अंग उघडं होतं. पहिली चकती टेकली आणि मला चिकटली. मग दुसरी. आईसाठी मी थोडं धरून ठेवत असे. या वेळी मी सगळं धरलं. चकत्या, कांदा, पाव, वरून फोडलेली अंडी, सगळं. ते माझ्या नाइलाजानं झालं की रागानं, मला विचारू नका. भिंगरीनं कालथा घातला तेव्हा मधलं असं काही उरलंच नव्हतं.

तिकडे टेबलाशी दादा बोलत होता. आईला खरवड किती आवडायची, नाही? आज तिच्या वाट्याची आपण सगळे थोडी थोडी खाऊ. भिंगरीनं मला उचलून आणलं, टेबलावरच्या पाटावर ठेवलं आणि खरवडायला सुरुवात केली. लोखंडावर लोखंड. तो आवाज तुमच्या दातांत जातो.

आत्यानं वाकून पाहिलं. “अगं, करपवलंस?”

“चिकटलं, आत्या. तवा घासलेला होता.”

“मी चांगल्यासाठीच…”

“माहीत आहे,” भिंगरी म्हणाली. आणि तिनं प्रत्येकाच्या ताटलीत सारखी खरवड वाढली, स्वतःच्याही. मग खुर्ची ओढून बसली. “आईची आवड आहे. घ्या.”

नुसता कुडूम कुडूम आवाज. वहिनी पाणी प्यायली. बाबांनी एक तुकडा या गालातून त्या गालात फिरवला, चावायचा प्रयत्न केला आणि शेवटी हळूच बाहेर काढून ताटलीच्या कडेला ठेवला.

“ही जरा जास्तच कडक झालीय,” दादा म्हणाला. “आईची अशी नसायची.”

“आईची कशी असायची, दादा? खाल्ली होतीस कधी?”

दादानं बाबांकडे पाहिलं. “नाही. बाबा खाऊ द्यायचे नाहीत.”

“तिला आवडायची ना?” बाबा म्हणाले. ते सांगत नव्हते. विचारत होते.

मग भिंगरीनं सांगितलं. आवाज न चढवता, आपण दुसऱ्या कुणाचं मुद्रित वाचून दाखवावं तसं. रुग्णालयात तिनं आईपुढे खरवडीचा डबा उघडला. आईनं पाहिलं, झाकण परत लावलं आणि म्हणाली, “भिंगरे, एकदा मधलं आण की गं.” भिंगरीला वाटलं, तापात बोलतेय. दुसऱ्या दिवशी तिनं मधलं नेलं. आईनं उशांना टेकून, बसून, सगळं खाल्लं. बोटानं डबा पुसून खाल्ला. भिंगरीनं विचारलं, मग इतकी वर्षं? आई म्हणाली, “एकदा बोलून बसले होते. पुन्हा कुणी विचारलं नाही.”

तेव्हा मला त्या स्वच्छ डब्याचा अर्थ कळला.

बाबा म्हणाले, “मला कधी बोलली नाही.”

“तुम्ही बसलेले असायचात, बाबा,” भिंगरी म्हणाली.

आत्या डोळ्यांना पदर लावून उठली आणि मोरीशी जाऊन उभी राहिली. दादा ताटलीकडे पाहत होता. काही वेळानं त्यानं, जणू बुडताना काठ धरावा तसा, ठरलेला विषय धरला. ते सगळं खरं, पण बाबांचं काय करायचं? तू येणार आहेस की नाही?

“येईन की,” भिंगरी म्हणाली. “रविवारी. जेवायला.”

“आणि स्वयंपाक कोण करणार?” वहिनीनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं, बहुधा स्वतःसाठीसुद्धा.

बाबांनी पुढे होऊन मला जवळ ओढलं. अंगठ्यानं माझा उघडा पडलेला खळगा चाचपला. इंजिनाचा बिघडलेला भाग बघावा तसं मला उजेडात तिरकं धरलं. आणि म्हणाले, “हा परत नीट कसा करायचा, तेवढं सांग.”

आता बाबा मला वळण लावतात. पहिल्यांदा त्यांनी आगारातल्या सवयीनं इतकं तेल थापलं की मी आठवडाभर चिकट होतो. दुसऱ्यांदा इतका धूर केला की शेजारच्या शिंपीणबाई धावत आल्या. पातळ हात, पुसून काढायचा, मग आच, हे त्यांना समजायला बराच काळ गेला. माझी कातडी अजून पुरती आलेली नाही. मधूनच राखाडी दिसतो.

परवाच्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा पूर्ण पसारा केला. एका अंड्याचं पिवळं फुटलं. कांदा जाड चिरला होता. भिंगरी टेबलाशी बसली होती, आणि बसून राहणं तिला जड जात होतं, कारण पाय सारखे ओट्याकडे वळत होते. बाबांनी तिच्या ताटलीत मधलं वाढलं. सगळंच वाढलं. मग कालथा हातात धरून तिथेच ओट्याशी उभे राहिले.

भिंगरी म्हणाली, बसा ना.

“तू खा आधी,” बाबा म्हणाले. “माझं काय, मला…”

आणि ते थांबले. त्यांचं वाक्य त्यांनाच ऐकू आलं होतं. मी त्या शेगडीवरून इतकी वर्षं पाहत आलो आहे, मित्रांनो, आणि मला हे पक्कं माहीत आहे: त्या जागी कुणीही उभं राहिलं, की ते वाक्य आपोआप तोंडात येतं. ते माणसाचं नसतंच. त्या जागेचं असतं.

भिंगरीनं चमचा उचलला नाही. तिनं विचारलं, “बाबा, तुम्हाला काय आवडतं?”

बाबांनी कालथा खाली ठेवला. मग, लाजल्यासारखं म्हणाले, “मधलं. अर्धं.”

ते बसले. भिंगरीनं ताटलीतलं मधलं कालथ्यानं कापून दोन केलं. माझ्या तळाशी खरवड उरली होती. जेवण झाल्यावर बाबांनी ती गरम पाण्यानं भिजवली आणि खिडकीबाहेर पाखरांना टाकली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता मी काहीतरी बोध सांगावा अशी तुमची अपेक्षा असेल. भांडी जपा, त्यांना साबणानं घासू नका, वेळच्या वेळी तेल लावा, असं मी म्हणू शकलो असतो. ते कराच. पण माझी विनंती वेगळी आहे. आज संध्याकाळी जेवायला बसाल तेव्हा मान वर करून बघा, तुमच्या घरात कोण उभं आहे. त्याला विचारा, तुला काय आवडतं? आणि पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. ताटली त्याच्यापुढे करा, चमचा खाली ठेवा आणि दुसऱ्या उत्तराची वाट बघा.

बाबा आता बरं रांधतात. भिंगरी बसते. मला हे दिसतं आणि बरं वाटतं. पण ज्या खुर्चीवर आई फक्त एका दुपारी बसली, ती खुर्ची इथून मला समोरच दिसते. म्हणून मी अजून तापलेलो आहे. बीड आहे मी. निवायला वेळ लागेल.